परतलेल्या विमानाचा हिशेब

ऑनलाइन हवाई युद्धाच्या मोहिमांमध्ये एक प्रश्न हटकून मागे पडतो: गोळ्या लागलेले विमान कसेबसे तळावर उतरले, तर पुढे त्याचे काय होते? अशी मोहीम आठवडेच्या आठवडे चालते. दोन्ही बाजूंना स्क्वाड्रन वाटून दिलेली असतात, विमानांचा साठा ठरलेला असतो आणि आजच्या उड्डाणांचे परिणाम उद्याच्या नकाशावर उमटतात. सुट्या लढतीत विमान पडले की खेळाडू नवे विमान घेतो आणि विषय संपतो. मोहिमेत विषय तिथून सुरू होतो, कारण पडलेले विमान उद्या नसणार असते. पण न पडलेले, मोडकेतोडके परतलेले विमान उद्या कुठे असणार, याचे उत्तर बहुतेक मोहिमांच्या नियमावलीत नाही. तिथे नोंदवहीला दोनच रकाने असतात, ‘परत आले’ आणि ‘गमावले’. पंखाला चाळण पडलेले विमान आणि रंगाचा ओरखडाही न पडलेले विमान पहिल्या रकान्यात शेजारी शेजारी बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कोरी करकरीत होऊन धावपट्टीवर उभी राहतात. या पुस्तकाचा सारा भर त्या दोन रकान्यांच्या मधल्या जागेवर आहे. मोहिमेतल्या युद्धाची खरी गती तिथेच ठरते आणि ती जागा मोकळी सोडली तर बाकी कितीही बारकावे घातले तरी मोहीम ही सुट्या लढतींची रांगच राहते, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे नीट समजण्यासाठी आधी हे पाहिले पाहिजे, की आजच्या सिम्युलेटरमध्ये नुकसानीचे काम दोन वेगळ्या ठिकाणी होते. पहिले ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण. २००१ साली आलेल्या ‘आयएल-२ स्टुर्मोविक’पासून या बाजूने फार मोठी मजल मारली गेली आहे. गोळी कुठल्या कोनातून आली, तिने पत्रा भेदला की ती घसरून गेली, आतल्या टाकीला लागली की सुकाणूच्या तारेला, तेल गळू लागल्यावर इंजिन किती वेळ तग धरेल, हे सगळे क्षणाक्षणाला मोजले जाते. ‘डीसीएस वर्ल्ड’मधल्या दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांनाही पुढे याच धर्तीचे सविस्तर प्रारूप मिळाले. दुसरे ठिकाण म्हणजे मोहिमेचा हिशेब ठेवणारी आज्ञावली. ती विमान पाहत नाही, सर्व्हरने लिहिलेला लॉग वाचते. आणि लॉगमध्ये वरच्या श्रीमंतीतले फारच थोडे उतरते. जुन्या ‘आयएल-२’च्या नोंदींत अमक्याचे विमान तमक्याने जखमी केले, या वेळी, नकाशावर या जागी, एवढीच ओळ असे. किती जखमी, याचा पत्ता नसे. नंतरच्या ‘ग्रेट बॅटल्स’ मालिकेच्या लॉगमध्ये प्रत्येक आघाताची स्वतंत्र ओळ येते. तिच्यात मारणारा, मार खाणारा, जागा आणि एक अपूर्णांक असतो, समजा ०.०५. त्याच वैमानिकाच्या ओळी वेचून बेरीज केली, की त्याचे विमान एकूण किती झिजले याचा अंदाज येतो. उड्डाणाची, उतरण्याची आणि उड्डाण संपवण्याची ओळ वेगळी असते. ‘डीसीएस’मध्येही आघात, अपघात, उतरणे, उडी मारून बाहेर पडणे अशा घटना आज्ञावलीला कळतात आणि विमानाचे उरलेले ‘आयुष्य’ एका आकड्यात विचारता येते. पण तिथेच तळावर उतरून, इंजिन बंद करून जमिनीवरच्या चमूला दुरुस्ती सांगितली, की काही मिनिटांत विमान इंजिनासकट नवे होते. आकाशात तुटलेली एकेक तार मोजणारा सिम्युलेटर चाके टेकताच सगळे विसरून जातो.

या विसरण्याचा परिणाम वैमानिकांच्या वागण्यावर होतो आणि तो लॉगमध्ये स्पष्ट दिसतो. परत आणलेल्या मोडक्या विमानाला धडक्या विमानाइतकीच किंमत असेल, तर विमान जपण्याचे कारण केवळ ते न पडू देणे एवढेच उरते. मग बॉम्बफेकी विमानाच्या मागच्या मशीनगनसमोर सरळ घुसणे, जमिनीवरून येणाऱ्या माऱ्यात तिसरी-चौथी फेरी मारणे, इंजिन तापत असताना पाठलाग न सोडणे, हे सगळे शहाणपणाचे ठरते. जो नियम माफ करतो त्याच्याकडे खेळाडू वळतात, त्यात त्यांचा दोष नाही. दोष नियम लिहिणाऱ्याचा आहे.

प्रत्यक्ष युद्धात मधली जागा किती मोठी होती, हे १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर झालेल्या लढाईइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळाच्या कथा वैमानिकांच्या आणि रडारच्या सांगितल्या जातात. पण त्या चार महिन्यांत ब्रिटनच्या लढाऊ स्क्वाड्रनना जी विमाने पुरवली गेली, त्यांतली सुमारे एक तृतीयांश नव्याने बनवलेली नव्हती. ती दुरुस्त होऊन आलेली होती. मे १९४०मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक विमान उत्पादनमंत्री झाले आणि नागरी दुरुस्ती संघटना त्यांच्या अखत्यारीत आली. ऑक्सफर्डजवळ काउली इथल्या मोटारींच्या कारखान्याच्या आवारात मोडकी विमाने येऊ लागली. शेतात, डोंगरउतारावर, खाडीकाठी पडलेले विमान उचलून आणण्यासाठी लांबलचक, बसक्या ट्रेलरगाड्या होत्या. ‘क्वीन मेरी’ या जहाजाचेच नाव त्यांना पडले होते. एकाचे पंख आणि दुसऱ्याचे धड घेऊन तिसरे उभे करणे हा तिथला रोजचा उद्योग होता. मोहिमेत जो कोणी ‘ब्रिटनची लढाई’ मांडतो आणि स्पिटफायर-हरिकेनच्या मासिक उत्पादनाचे आकडे अचूक भरतो, पण काउली विसरतो, त्याने त्या लढाईतला तिसरा हिस्सा गाळला असे म्हणावे लागेल.

दोन्ही सैन्ये हा हिशेब कसा ठेवत होती, हे मोहीम रचणाऱ्याने जरूर पाहावे. जर्मन हवाई दल प्रत्येक नुकसानीला टक्के देत असे. दहाच्या आत किरकोळ, स्क्वाड्रनच्या माणसांनीच निस्तरायचे. पुढे चढत जाऊन चाळिशीच्या वर इंजिन किंवा एखादी पूर्ण यंत्रणा बदलण्याची वेळ. साठ टक्के आणि वर म्हणजे विमान मोडीत, फार तर सुटे भाग काढून घ्यायचे. शंभर टक्के म्हणजे शत्रूच्या मुलखात किंवा समुद्रात गेलेले. ब्रिटिशांनी आधी आकड्यांचे आणि १९४१पासून अक्षरांचे वर्ग वापरले: तळावरच होण्याजोगे, बाहेरची टोळी तळावर बोलावून होण्याजोगे, कारखान्यातच न्यावे लागणारे आणि मोडीत काढायचे. या दोन पद्धतींत एक महत्त्वाचा फरक आहे. जर्मन पद्धत विमानाकडे बघून विचारते की किती मोडले. ब्रिटिश पद्धत कामाकडे बघून विचारते की हे कोण करू शकेल आणि कुठे. मला मोहिमेसाठी दुसरा प्रश्न अधिक उपयोगी वाटतो, कारण त्याच्या उत्तरात वेळ आणि जागा आपोआप येतात. लॉग मात्र पहिल्या प्रश्नाच्या भाषेत बोलतो, अपूर्णांकांत. म्हणून टक्क्यांतून वर्गाकडे आणि वर्गातून दिवसांकडे जाणारा एक तक्ता प्रत्येक मोहिमेला करावाच लागतो. पुढच्या प्रकरणांचा बराचसा भाग त्या तक्त्यावर खर्च झाला आहे.

जागेचा मुद्दा इथे थोडा रेंगाळून सांगतो, कारण तो सर्वांत सोपा असून सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाचे इंजिन द्रवाने थंड होणारे. इंग्लंडमधल्या केंटच्या आकाशात एकच गोळी त्याच्या रेडिएटरला लागली, की शीतक गळून जाते आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते. हेच नुकसान फ्रान्समधल्या तळाजवळ झाले असते, तर रेडिएटर आणि फार तर इंजिन बदलून विमान आठवड्याच्या आत उडाले असते. केंटवर झाले म्हणून विमान शंभर टक्के गेले आणि वैमानिकही कैदेत गेला. उलट केंटमधल्याच एखाद्या शेतात पोट टेकून उतरलेल्या हरिकेनचा वैमानिक संध्याकाळपर्यंत आपल्या स्क्वाड्रनमध्ये असे आणि विमान ट्रेलरवर चढलेले असे. गोळी तीच आणि हिशेब दोन. लॉगमध्ये उतरण्याची जागा निर्देशांकांसह नोंदलेली असते आणि आघाडीची रेषा मोहिमेच्या आज्ञावलीला ठाऊकच असते. या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवायला मोठे गणित लागत नाही. तरीही ‘शत्रूच्या हद्दीत उतरले तर गमावले’ एवढ्यावर बहुतेक नियमावल्या थांबतात. आपल्या हद्दीत, पण तळाबाहेर उतरलेले विमान उचलून आणायला लागणारे दिवस कोणी मोजत नाही.

विमानाची घडणही हिशेबात धरली पाहिजे. हरिकेनचे मागचे धड म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून डोप चढवलेले लिननचे कापड. तोफेचा गोळा कधी कधी त्या कापडातून फुटल्याशिवाय आरपार जाई. मग फिटर-रिगर भोकाच्या कडा कापून काढत, ठिगळ चिकटवत, डोपचे हात देत आणि विमान सकाळी रांगेत उभे राही. नळीला पोचा आला असेल तर तेवढा तुकडा बदलत. स्पिटफायरचे धड म्हणजे ताण झेलणारे पत्र्याचे कवच. तिथे भोक म्हणजे रचनेलाच जखम, आणि ती भरायला रिव्हेट, साचे आणि सराईत पत्राकाम लागे, जे सगळ्या तळांवर नव्हते. म्हणजे तेवढ्याच गोळ्यांना हरिकेनचा एक दिवस आणि स्पिटफायरचा आठवडा. पण यावरून हरिकेन जास्त टिकाऊ असे कोणी समजू नये. वैमानिकाच्या पुढ्यातच असलेल्या इंधनटाकीमुळे ते विमान भयंकर पेट घेई आणि पेटलेल्या विमानाला दुरुस्ती नसते. मार सोसण्याची ताकद, वैमानिकाला वाचवण्याची ताकद आणि पुन्हा उभे राहण्याची ताकद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन सिम्युलेटर दाखवतो. तिसरी फक्त मोहीम दाखवू शकते, आणि ती दाखवली नाही तर हरिकेनसारखे विमान खेळात कायम दुय्यमच वाटत राहणार, कारण त्याचा मोठा गुण दिसण्याची जागाच ठेवलेली नाही.

आता थोडे गणित. समजा एका बाजूकडे २४ विमाने आहेत, रोज सरासरी तीन विमाने दुरुस्तीला जाण्याइतकी जखमी होऊन परततात आणि एकेक दुरुस्तीला सरासरी चार दिवस लागतात. काही दिवसांत स्थिती अशी ठरते, की कोणत्याही सकाळी बारा विमाने कारखान्यात असतात. चोविसातली निम्मी. एकही पडलेले नसताना. दुरुस्ती दोन दिवसांवर आणली, तर कारखान्यात सहाच राहतात. म्हणजे नवे एकही न बनवता त्या बाजूला सहा विमाने मिळाली. एसटीच्या आगाराची ताकद दप्तरातल्या बसगाड्यांवरून कळत नाही, सकाळी मार्गावर किती निघाल्या त्यावरून कळते. तीच गोष्ट इथे लागू आहे. पण या हिशेबाची खरी धार पुढे आहे. कारखाना रोज दोनच विमाने उरकू शकत असेल आणि येणारी तीन असतील, तर रांग रोज एकाने वाढते, आणि बाराव्या दिवशी कारखान्यात आधीच असलेल्या बारांत आणखी बारांची भर पडून पट रिकामा होतो. सैन्ये अशी कोसळतात. काही दिवस सारे ठीक दिसते, मग एकाएकी उडवायला काही नसते. दोन रकान्यांच्या नोंदवहीत हा घसरणीचा आकार कधीच दिसत नाही. तिथे संख्या सरळ रेषेत कमी होत जाते. म्हणून दुरुस्तीला विमानागणिक ठरावीक दिवस देणे पुरेसे नाही. बाजूच्या एकूण क्षमतेची मर्यादा आणि तिच्यापुढे लागणारी रांग मांडली पाहिजे. हे एकदा मांडले, की शत्रूच्या दुरुस्तीच्या तळावर बॉम्ब टाकण्याला अर्थ येतो, आणि रोज थोडी थोडी विमाने जखमी करत राहणे हे दोन-चार नेत्रदीपक विजयांपेक्षा मोठे काम ठरू शकते.

१४ ऑक्टोबर १९४३ला अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने श्वाइनफुर्टवर दुसऱ्यांदा हल्ला केला. २९१ बी-१७ निघाली, ६० परत आली नाहीत. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच्या शेजारचे दोन आकडे तितके सांगितले जात नाहीत. इंग्लंडला पोचलेल्यांपैकी १७ विमाने इतकी मोडलेली होती की ती मोडीतच काढावी लागली आणि आणखी १२१ कमी-अधिक जखमी होती. दोन रकान्यांच्या हिशेबाने त्या संध्याकाळी अमेरिकनांकडे २३१ विमाने होती. धड म्हणता येतील अशी शंभरसुद्धा नव्हती. खोल जर्मनीवर लढाऊ विमानांच्या सोबतीशिवाय जाणे त्यानंतर थांबले ते केवळ साठांमुळे थांबले असे मानले, तर त्या निर्णयाचे अर्धेच वजन लक्षात येते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा, की माणसे नोकरीधंदा सांभाळून आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळायला येतात. त्यांना ‘तुझे विमान दुरुस्तीला आहे, चार दिवसांनी ये’ असे सांगायचे का? मुळीच नाही. वाट विमानाने पाहायची आहे, माणसाने नव्हे. मोहिमेतला एक दिवस म्हणजे एक नेमलेली लढत धरली, तर चार दिवस म्हणजे चार लढती, आणि त्या काळात त्या खेळाडूला पटावरचे दुसरे विमान मिळते. पट आटला तर जुन्या जातीचे विमान, टेहळणीचे काम किंवा दुरुस्त झालेले विमान मागच्या तळावरून पुढे आणण्याचे उड्डाण मिळते. प्रत्येकाला दर संध्याकाळी काहीतरी उडवता आले पाहिजे, ही अट मी नियमावलीत सर्वांत वर ठेवीन. पण प्रत्येकाला दर संध्याकाळी सर्वोत्तम विमान मिळाले पाहिजे, ही वेगळी मागणी आहे आणि ती मान्य केली तर मोहिमेला मोहीम म्हणण्यात अर्थ राहत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. लॉगमधला अपूर्णांक कोणता भाग मोडला हे सहसा सांगत नाही. ०.३० म्हणजे इंजिन गेले की शेपटीला भोके पडली? मग एवढ्या ओबडधोबड माहितीवर वर्ग कसे ठरवायचे? उत्तर असे, की काही गोष्टी आडून कळतात. तळापासून दूर, वेग नसताना, चाके न काढता झालेले उतरणे इंजिनाकडे बोट दाखवते. मोठ्या तोफेचे दोनच फटके आणि मशीनगनचे तीस फटके यांचा अर्थ वेगळा असतो आणि दारूगोळ्याचा प्रकार नोंदीत असतो. जे यातूनही कळत नाही ते त्या जातीच्या विमानाच्या संभाव्यतांनुसार फासा टाकून ठरवावे. यात कमीपणा नाही. १९४०मधला अभियांत्रिकी अधिकारीही विमानाभोवती फेरी मारून अंदाजानेच टक्के लिहीत असे. उलट आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्याच्याकडे नव्हती. अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने १९४३मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रीय संशोधन गटासाठी नेमका हा प्रश्न सोडवला. परत आलेल्या विमानांवरची भोके पाहून न परतलेल्यांबद्दल काय म्हणता येते? ज्या भागावर परतलेल्यांत भोके कमी दिसतात, तो भाग कमी मार खातो असे नाही. तिथे मार खाल्लेली विमाने मोजायला उरलेलीच नसतात. (हे वाल्ड १९५०मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले असताना निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात पत्नीसह गेले.) त्यांचा धडा आपल्याला दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. जुन्या दुरुस्तीपत्रकांवरून दुरुस्तीचे सरासरी दिवस काढताना सावध राहावे, कारण इंजिनाचे वाईट प्रसंग त्या पत्रकांत कमीच आलेले असणार. आणि आपल्या लॉगमध्ये पडलेल्या विमानांवरचेही सगळे आघात नोंदलेले असतात, म्हणून वाल्डना जे गणिताने हुडकावे लागले ते आपण मोजू शकतो. दहा लढतींचे लॉग चाळून तक्ता सुधारता येतो. तसे कोणी करताना फारसे दिसत नाही, आणि हे मला या क्षेत्रातले सर्वांत मोठे आळशीपण वाटते.

तिसरा आक्षेप मोहीम एकतर्फी होण्याचा. जिची दुरुस्ती कमी पडते ती बाजू आणखी हरते, मग आणखी कमी विमाने, असे करत चौथ्या आठवड्यात खेळाडू गळू लागतात. ही भीती खरी आहे, पण तिचे खापर दुरुस्तीवर फोडणे चूक आहे. बचाव करणारी बाजू आपल्या मुलखावर लढते. तिची जखमी विमाने परत मिळतात, चढाई करणाऱ्याची मिळत नाहीत. म्हणजे मागे रेटल्या जाणाऱ्या बाजूला जागेचा नियम आपोआप उशी देतो आणि दोन रकान्यांच्या नोंदवहीत ही उशी नसते. जिथे ती फाटते ती जागा म्हणजे तळच हातचा जाणे. नोव्हेंबर १९४२मध्ये एल अलामेननंतर जर्मन-इटालियन सैन्य मागे हटले, तेव्हा एल दाबासारख्या धावपट्ट्यांवर मोडकी विमाने ढिगाने मागे राहिली. त्यांतली कित्येक दुरुस्त होण्याजोगी होती, पण न्यायला वेळ नव्हता. मोहिमेत असा प्रसंग येऊ द्यावा, फक्त त्याची चाहूल आधी द्यावी. आघाडी जवळ येत असताना अर्धवट दुरुस्त विमान धोका पत्करून मागे उडवत न्यायचे की तिथेच पूर्ण होण्याची वाट पाहायची, हा निर्णय सेनापतीची भूमिका करणाऱ्या खेळाडूला घेऊ द्यावा. त्याहून वेगळा तोल हवा असेल, तर नव्या विमानांच्या पुरवठ्यात साधावा. दुरुस्तीचे नियम दोन्ही बाजूंना सारखेच ठेवावेत.

चौथा आक्षेप पळवाटांचा आहे आणि तो थोडक्यात निकालात काढता येतो. हरणारा खेळाडू शेवटच्या क्षणी जोडणी तोडतो, किंवा तळावर उतरून त्या जादूच्या दुरुस्तीने विमान नवे करून घेतो. जोडणी तुटली त्या क्षणी विमान जखमी असेल, तर ते त्याच जागी जबरदस्तीने उतरले असे धरावे. जखमी नसेल तर संशयाचा फायदा द्यावा, कारण इंटरनेट खरोखरच जाते. तात्काळ दुरुस्ती सर्व्हरवर बंद करता येत नसेल, तर ती घेतली त्या क्षणी जुने विमान कारखान्यात गेले आणि पटावरचे नवे घेतले असे लिहावे. लॉगमध्ये जे कळते त्यावरच नियम करावा. जे कळत नाही त्यावर नियम केला, की भांडणे होतात आणि मोहिमा तुटतात.

पाचवा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. खेळाडूला मरणाची भीती नसते. तो दर लढतीत इतके धोके पत्करतो की पडझडीचे प्रमाण इतिहासाच्या कितीतरी पट होते. अशा पडझडीला १९४०चे दुरुस्तीचे दिवस लावले, तर तिसऱ्या लढतीला दोन्ही बाजूंचे हँगर रिकामे होतील. मग इतिहासाचा आधार कशाला? हे पूर्णपणे मान्य करून मी म्हणेन, की इतिहासातून आकडे घ्यायचे नाहीत, आकड्यांमधली नाती घ्यायची. कापडाचे ठिगळ पत्र्याच्या भोकापेक्षा लवकर होते, तळावरचे काम कारखान्यापेक्षा लवकर होते, इंजिन बदलणे पंख बदलण्यापेक्षा सोपे असू शकते, आघाडीजवळचा तळ मागच्या तळापेक्षा हळू काम करतो. ही नाती कायम ठेवून सगळे दिवस एका गुणकाने कमी करावेत, आणि तो गुणक असा निवडावा की सामान्य परिस्थितीत बाजूची साधारण दोन तृतीयांश विमाने सकाळी तयार असतील. त्याहून जास्त तयार असतील तर दुरुस्तीचा दबाव जाणवत नाही. निम्म्याच्या खाली गेली तर खेळ आखडतो. आणि एक गोष्ट या आक्षेपात धरलेलीच नाही. बेफिकिरी हा खेळाडूचा स्वभाव नसून नियमांना दिलेला प्रतिसाद आहे. जखमी विमान जवळच्या तळावर उतरवणे फायद्याचे ठरले, की तो ते उतरवू लागतो. जोडीदार त्याला सोबत करू लागतो. शत्रूच्या हद्दीत खोल पाठलाग करताना तो इंधनाकडे नि तापमानाकडे पाहू लागतो. त्या काळचे वैमानिक हेच करत होते, आणि ते करायला लावणे हे कोणत्याही मोहिमेचे पहिले काम आहे.

यानंतरची प्रकरणे कामाची आहेत. लॉगची ओळ कशी वाचायची, वर्ग कसे पाडायचे, रांग कशी चालवायची, निरनिराळ्या विमानांना कोणते वजन द्यायचे, हे त्यांत क्रमाने येते. वैमानिकाच्या जखमांचा आणि दमणुकीचा हिशेब मी मुद्दाम बाहेर ठेवला आहे. तो विषय स्वतंत्र आहे आणि त्याला वेगळी संवेदना लागते. पुस्तकातले गुणक अंतिम नाहीत, ते सुरुवातीचे आहेत. तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या खेळाडूंमध्ये ते बदलावे लागतील. मोहिमा रचणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की पुढच्या मोहिमेची नियमावली जाहीर करताना विमानांच्या संख्येशेजारी प्रत्येक बाजू रोज किती विमाने दुरुस्त करू शकेल तो आकडाही छापावा, आणि मोहीम संपल्यावर कारखान्यात रोज किती विमाने होती याची नोंद सर्वांसाठी खुली करावी.